सदूची खोली

"मुंबई पाहिली नाय, त्याचा जन्म फुकट," असं अख्ख्या गावाला ऐकवून कुडपणचा हैबती डोंगर उतरला आणि पोलादपूरला एस्टीत बसला. खरं तर बायकोनं, बनुबाईनं, त्याला पिटाळलं होतं. लेकानं, म्हणजे सदूनं, तिकडं बाई ठेवल्याची कुणकुण तिला लागली होती.

"बा, चल, राणीची बाग दाखवतो," सदू म्हणाला.

"आधी तुझी खोली दाखव."

त्या एका खोलीत निम्मं कुडपण राहत होतं. रातपाळीवाले ओळीनं घोरत पडले होते. बाई सोडा, उशी ठेवायलाही जागा नव्हती. हैबतीचा जीव भांड्यात पडला.

"आता काय बघायचं, बा? समुद्र?"

"झाली बघून मुंबई. त्या घोरणाऱ्या सोनबाला तेवढं कुशीवर वळव, मी जरा पडतो. महिनाभर डोळ्याला डोळा नाय."