क्रेनवाल्याचा रिपोर्ट

या, टेका इथं. एक गोष्ट सांगतो, बाटलीची. जिभल्या चाटू नका, दारूची नव्हे. लघवीची.

क्रेनवाला लॅबच्या खिडकीशी उभा होता. चोपन्न वर्षांचा गडी. लोखंडाच्या यार्डात साठ फुटांवर बसून टनाटनांचा माल कापसासारखा उचलायचा, पण त्या दिवशी हातातला एक कागद पेलत नव्हता.

कंपनीत दरवर्षी तपासणी व्हायची. डोळे, कान, रक्तदाब तिथल्या तिथं. लघवी तेवढी सकाळी घरून बाटलीत भरून आणायची. त्यात काही निघालं तर क्रेन बंद, खाली फाटकावर राखणीला बसायचं. वर राजा असलेला माणूस. त्याला तोच घोर.

"साखर?" त्यानं पहिल्यांदा तेच विचारलं.

"नाही."

"मग पास?"

"ही काय शाळा आहे?" लॅबवाली बाई चष्म्यावरून म्हणाली. "पांढऱ्या पेशी फार आहेत. पट्टी जांभळी झाली, म्हणून थेंब काचेखाली धरला. नुसता खच पडलाय."

"म्हणजे काय हो?"

"पांढऱ्या पेशी म्हणजे अंगातले राखणदार. चार-दोन दिसले तर चालतं. एवढे जमलेत म्हणजे आत चोर शिरलाय. मूत्राशयात, नाहीतर मूत्रपिंडात. ताप येतो? कंबर दुखते?"

"छे."

"सारखं जावं लागतं?"

त्यानं मान खाली घातली. हे तर अख्ख्या यार्डाला ठाऊक होतं. तासातासाला शिडी उतरायचा. खालचे गडी ओरडायचे, "काका, वरून पाइपच सोडा की खाली!"

"हे बघा," बाई जरा मऊ झाली. "कधी बाटली नीट भरली नाही तरी असं दिसतं. सुरुवातीची धार सोडायची, मधली धरायची. आता इथंच द्या ताजी. जंतू कुठला तेही बघू."

"इथंच?" त्याचा चेहरा पडला. "आत्ता... आत्ता नाही व्हायची."

"मग उद्या या. अंगावर काढू नका. वेळेत धरलं तर गोळ्यांनी जातं. नाही धरलं तर रक्तात उतरतं."

तो हो म्हणाला आणि घरी आला.

कागद पोरीच्या हाती लागलाच. शिकलेली पोरगी, तिनं तो सगळा मोठ्यानं वाचला. बायको तिथंच भांडी घासत होती.

"बाबा, उद्या लॅबमध्ये जायचं. मी येते बरोबर."

"बघू."

"बघू काय? तुमचं बघू म्हणजे बारा वर्षांचा वायदा!"

तो बायकोकडे वळला. "तुला बरं आहे ना गं?"

"विषय बदलू नका," पोरगी कडाडली.

बायकोचा हात घासता घासता थांबला. तिनं त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. "मला काय धाड भरलीय? तीन आठवड्यांनी कंपनीचे मोठे डॉक्टर तुमच्या कागदावर पासचा शिक्का मारतील. आधी तुमचं ते पार पडू दे. मग बघू सगळ्यांचंच."

लॅबला तो काही गेला नाही, पण तीन आठवडे पोरीनं बापाला सळो की पळो केलं. सकाळी उठल्याबरोबर तांब्याभर पाणी. कामावरून आला की आधी थर्मामीटर. पारा कधी रेघ ओलांडायचा नाही, तरी तिचं समाधान होईना. "लपूनछपून गोळी तर खात नाही ना?" म्हणून त्याचे खिसेसुद्धा झाडून बघायची.

आईला तेवढ्यात एकदाच म्हणाली, "सारखी वाकून काम करू नकोस, मग कंबर धरून बसतेस."

एकदा दाराशी चपला घालता घालता क्रेनवाला बायकोला हळूच म्हणाला, "चल, डॉक्टरकडे जाऊन येऊ."

"चारच दिवस राहिलेत शिक्क्याला," ती म्हणाली. "एवढं थांबलात, आणखी थांबा."

तो थांबला.

शिक्का बसला. मोठ्या डॉक्टरांनी पाठ थोपटली आणि म्हणाले, पेशींचं तेवढं बघून घ्या. क्रेनवाला पळतच घरी आला. बायको दोन गोधड्यांखाली कुडकुडत होती. अंग तव्यासारखं. पोरगी रिक्षा आणायला धावली.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, "मूत्रपिंडातला जंतू रक्तात गेलाय. यांची लघवी याआधी कधी तपासली होती?"

"कधीच नाही," पोरगी म्हणाली.

क्रेनवाल्यानं तोंड उघडलं. पोरीकडे बघितलं आणि मिटलं.

तिसऱ्या दिवशी बायको गेली.

पोरगी रडली ती वेगळंच रडली. "मी तुमच्या मागं थर्मामीटर घेऊन पळत राहिले, बाबा. आई समोर होती. तिच्या कपाळाला एकदा हात लावला नाही मी. एकदा!"

"तुझी काय चूक गं," तो म्हणाला.

महिन्याभरानं त्यानं साहेबाकडे जाऊन आपणहून फाटक मागून घेतलं. साहेब म्हणाला, "अरे, शिक्का आहे की तुझ्या कागदावर!" हा म्हणाला, "आहे ना. म्हणूनच."

आता तुम्ही यार्डात लागताय, रोज त्या फाटकातूनच जाल. दुपारी पोरगी त्याचा डबा घेऊन येते. बोलकी आहे, तुमच्याशीही बोलेल. आईचा विषय काढेल, स्वतःला बोल लावेल. ऐकून घ्या बापडीचं. तेवढं एकच करा, हात जोडतो: आपली साखर लपवायला बाप तपासणीच्या सकाळी आईची बाटली घेऊन गेला होता, हे तिला कधी सांगू नका.