तीनशे बारावं नाव

“तू तेव्हा कुठे होतास?” हा विषय निघाला की छापखान्यातल्या म्हाताऱ्यांचा चहा हमखास गार व्हायचा. पूल कोसळला त्या तारखेला ते सगळे दरवर्षी जमायचे आणि प्रत्येकजण आपला किस्सा सांगायचा. मशीनमन म्हणे यंत्राखाली होता. सुरुवातीच्या किश्श्यात तो नुसता तेल घालत होता. गेली चार-पाच वर्षं त्याला तिथे पडल्या पडल्या जमीन हादरलेलीही कळू लागली होती. पूल तिथून सोळा मैलांवर. पण त्याला कुणी टोकत नसे, कारण वर्षागणिक सगळ्यांच्याच किश्श्यांना पदरचा मीठमसाला लागत होता.

कानामात्रांचा किस्सा मात्र तेवढाच राहायचा. “मी यादी वाचत होतो,” एवढं म्हणून ते बशी पुढे ओढायचे.

ते तिथे छापल्या जाणाऱ्या दैनिकाचे मुद्रितशोधक. छापण्याआधी मजकुरावर शेवटची नजर त्यांची. तीस वर्षांत एक वेलांटी इकडची तिकडे होऊ दिली नाही, म्हणून हे टोपणनाव पडलं. लग्नपत्रिका हातात आली तरी हा माणूस आधी पेन शोधणार. आणि अशा माणसाने त्या दुपारी एक नाव चक्क मनाने लिहिलं होतं.

झालं ते असं. इस्पितळातला कारकून फोनवरून मृतांची नावं सांगत होता. खिशातल्या कागदांवरून ओळख पटवून प्रेतांच्या कपड्यांना नावाच्या चिठ्ठ्या टाचल्या होत्या, त्याच तो वाचत होता. लिहून काढलेली यादी अशी एकच होती, ती कानामात्रांच्या हातातली. “एकूण तीनशे बारा,” कारकून म्हणाला आणि फोन बंद पडला. कानामात्रांनी नावं मोजली. तीनशे अकरा. पुन्हा मोजली, तेवढीच. मधलं एक नाव फोनच्या खरखरीत गेलं होतं.

फोन काही पुन्हा लागेना. चारला खास अंक निघायचा होता, मशीनमन दारात येऊन उभा, आणि मथळ्यात मोठ्या टायपात ‘तीनशे बारा’ आधीच बसलेलं. मथळा एक सांगतो आणि यादी दुसरंच, हे कानामात्रांना सोसवेना. समोर जाहिरातींचे कागद पडले होते. त्यांतल्या एका नवरदेवाचं नाव त्यांनी उचललं, एका लोखंडवाल्याचं आडनाव उचललं आणि यादी पुरी केली. उद्या खरं नाव कळलं की दुरुस्ती छापू, अशी मनाची समजूत घातली.

पण संध्याकाळी त्या चिठ्ठ्यांसकट सगळ्यांचे अंत्यसंस्कार एकत्रच उरकले, आणि दुसऱ्या दिवशी सरकारी कचेरीने तीच यादी जशीच्या तशी उचलली. मग कोणत्या तोंडाने बोलणार? आज सांगू, उद्या सांगू करता करता पंचवीस वर्षं गेली.

आता नदीकाठच्या, मृतांची नावं लिहिलेल्या पत्र्याच्या फलकाजागी दगडी भिंत उभी राहायची होती. स्मारक समितीच्या बाईंनी यादी तपासायला कानामात्रांकडेच पाठवली. आठ दिवस ती टेबलावर पडून राहिली. नवव्या दिवशी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “पत्रा होता तोवर एक वेळ ठीक. दगडात खोटं कोरू देऊ नका. जा, सांगा, आणि काय बोलतील ते ऐकून घ्या.”

त्या वर्षी ते चहाला गेलेच नाहीत. सकाळीच नदीकाठच्या समितीच्या खोलीत जाऊन बसले आणि यादीतल्या शेवटच्या नावावर बोट ठेवलं. “हे जे नाव आहे ना...”

“ह्यांची आई आत्ताच आली आहे,” बाई म्हणाल्या. “दरवर्षी सगळ्यांच्या आधी येतात. बाहेर फलकापाशी असतील बघा.”

कानामात्रा बघतच राहिले. म्हणजे ह्या नावाचा माणूस होता! नवरदेव एकीकडचा, लोखंडवाला दुसरीकडचा, आणि आंधळ्याने मारलेला दगड नेमका लागला होता. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना छाती भरून श्वास घेता आला. यादी बरोबर आहे असं सांगून त्यांनी खाली सही ठोकली. तरी त्या आईला एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून ते बाहेर गेले.

वाकलेली एक म्हातारी रुमालाने त्या नावावरची धूळ पुसत होती. ते शेजारी जाऊन उभे राहिले. तिने न विचारताच सांगायला सुरुवात केली, त्या तारखेला सगळेच सांगतात तशी. ती शिवणयंत्रावर होती. मुलाच्या नोकरीचा पहिला दिवस, शर्टाचं बटण तुटलेलं, आणि तो घाईघाईत म्हणाला, राहू दे, संध्याकाळी लाव. एकोणीस वर्षांचा होता. कानामात्रांना भरून आलं.

“मी तेव्हा दैनिकात होतो,” ते म्हणाले. “तुमच्या मुलाचं हे नाव मीच यादीत लिहिलं.”

“हे त्याचं नाव नाही हो,” म्हातारी म्हणाली. “ह्या नावापाशी कधी कुणी आलेलं दिसलं नाही, म्हणून मी आपली इथे उभी राहते. माझ्या मुलाचं नाव घालून घ्यायला मी कचेरीत तीनदा गेले. त्यांनी मला यादी मोजून दाखवली. म्हणाले, तीनशे बारा गेले, तीनशे बारा नावं आहेत, एकही कमी नाही. तुमचा मुलगा जिवंत असणार, वाट बघा.”