पत्र्यावरची थाप

अबे, ऐका तर! अजिनाथ काकाची जुनी पॅसेंजरची जीप, आठ वर्षं लिंबाखाली सडत पडल्ती, ती मी अन् शहादेवनं चालू केली. काल माझ्या बहिणीची, करिष्माची, बीडला दहाला परीक्षा अन् एसटी चुकली, म्हणून तीच काढली. आमी दोघं पुढं, करिष्मा एकटीच मागं.

कडा गावाच्या पुढं फाटा आला अन् मागच्या पत्र्यावर एक थाप बसली. जीप बंद!

बॉनेट उघडलं, डिझेल बघितलं, सगळं ठीक. तेवढ्यात दोन थापा, अन् चावीला हात लावायच्या आत इंजिन चालू! काकाच्या टायमाला असंच असायचं, एक थाप म्हंजे थांब, दोन म्हंजे चल.

"करिष्मे, मस्ती नको!"

"मी कशाला मारू, दादा?"

पुढच्या फाट्यावर परत तेच. त्याच्या पुढं बी. रस्त्यावर माणूस न्हाई, पण दर थांब्याला जीप मागून दबायची. चढाला तर लई रडायली.

"दाब की बे, साडेनऊ झाले!" शहादेव खेकसला.

सहाव्या फाट्यावर परत थाप. मी वैतागून ओरडलो, "आता काय राहिलं बे?"

मागून करिष्माचा बारीक आवाज आला, "दादा, आता कुणाला घेऊ नको ना. मला पाय ठेवायला जागा न्हाई."