ओंजळ

फोटोवाली यायला अर्धा तास होता आणि खोलीची भट्टी झाली होती. तिनं फोनवर सगळं बजावून ठेवलं होतं. खिडक्या बंद, हीटर चालू. बाळाचा लंगोट तासभर आधी सैल करायचा, म्हणजे अंगावर वळ दिसत नाहीत. सगळ्यांचे कपडे साधे, फिक्या रंगाचे, आणि नखं कापलेली. आजीनं शाळेतल्या मास्तरणीसारखी एकेकाची नखं तपासली. थोरल्या मुलापाशी मात्र ती न थांबता पुढे गेली.

तो बाळाचा बाप. घामानं निथळत होता, पण उजवा हात खिशातून काढत नव्हता. तीन महिन्यांपूर्वी कारखान्यात पत्रा कापायच्या मशीननं त्या हाताची दोन बोटं नेली होती. तेव्हापासून घरात कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. त्याची आई तर त्याला जेवायला वाढतानाही नजर ताटावरून वर उचलत नसे.

फोटोवाली आली. तिनं कोपरापर्यंत हात धुतले, मोठ्या उशीवर मऊ पांघरूण अंथरलं आणि त्यावर नऊ दिवसांच्या मुलीला निजवलं. मुलीची मूठ हनुवटीखाली होती आणि ती गाढ झोपली होती. पहिले फोटो तिचे एकटीचे निघाले, मग आईच्या गालाला गाल लावलेले.

"आता बाबा," फोटोवाली म्हणाली. "उशीपाशी बसा आणि दोन्ही हातांची ओंजळ करा. तिचं डोकं त्या ओंजळीत, अंग मनगटांवर. हा फोटो घरोघरी भिंतीवर लागतो."

तो जागचा हलला नाही.

"धाकट्याची ओंजळ घ्या," आजी घाईघाईनं म्हणाली. "दोघा भावांचे हात सारखेच आहेत. नुसते हातच दिसणार ना? तोंड थोडंच दिसतंय!"

"आई, काहीतरीच काय!" धाकटा म्हणाला.

"बस तू," थोरला म्हणाला. "आई म्हणते ते बरोबर आहे."

फोटोवालीनं त्या खिशाकडे पाहिलं. बायको खाली मान घालून दुपट्याची घडी घालत होती. घडी झालेलं दुपटं तिनं पुन्हा उलगडलं.

धाकट्यानं हीटरपुढे हात शेकले आणि जपून ओंजळ पुढे केली. डोकं टेकलं मात्र, मुलीनं डोळे उघडले आणि घर डोक्यावर घेतलं. तिला आजीनं खांद्यावर घेतलं, आईनं पाजायला घेतलं, धाकट्यानं चुटक्या वाजवल्या. ती लालबुंद झाली, पण गप्प होईना. फोटोवाली म्हणाली, "थांबू या थोडं. मला घाई नाही." दहा मिनिटं गेली, मग आणखी दहा. रडता रडता मुलीचा आवाज बसला.

शेवटी बायकोनंच तोंड उघडलं.

"अहो, तुम्हीच घ्या ना. रोज घेता तसं."

"रोज?" आजीनं विचारलं.

"तुम्ही दुपारी आडव्या झालात ना आई, की हे दार लोटून घेतात. तिला ह्यांच्या हातांची सवय झालीय. दुसऱ्या कुणाकडे दुपारची झोपतच नाही."

चोरी उघडी पडावी तसं त्यानं बायकोकडे पाहिलं. मग लेकीकडे पाहिलं. तिचे ओठ आता नुसतेच थरथरत होते.

त्यानं खिशातून हात काढला.

तो उशीपाशी गुडघ्यांवर बसला आणि त्यानं दोन्ही हात जुळवले. उजवीकडे मधे खिंडार पडलं होतं. अंगठा, मग काहीच नाही, मग शेवटची दोन बोटं. बायकोनं मुलीचं डोकं त्यात ठेवलं. मुलीनं मान थोडी इकडेतिकडे केली, जागा शोधली, आणि जिथे बोटं नव्हती तिथे तिचा कान जाऊन बसला. एक लांब हुंदका आला. मग श्वास संथ झाला.

फोटोवालीनं "हसा" म्हटलं नाही. कॅमेरा दोनदा वाजला, मग बराच वेळ वाजला नाही, मग पुन्हा एकदा वाजला.

आजी हळूच तिच्याजवळ गेली. "हल्ली कंप्युटरवर बोटं जोडून देता येतात म्हणे?"

"येतात, आजी," फोटोवाली म्हणाली आणि तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"नको," तो मान वर न करता म्हणाला. "आई, हिला माझा हाच हात माहीत आहे."

तेवढ्यात सैल लंगोटातून धार लागली आणि बापाची मनगटं, बाही, पांघरूण सगळं भिजलं. धाकटा खो खो हसला. फोटोवालीही हसली. "होतंच असं, मी दुसरं पांघरूण आणलंय," ती म्हणाली. बायकोनं मुलीला उचलून घेतलं.

तो उठला. सवयीनं उजवा हात खिशाकडे निघाला होता, तोच त्याच्या आईनं मनगट धरलं.

"ओला आहे, थांब."

तिनं मऊ फडकं घेतलं आणि त्याचं मनगट पुसलं, मग तळवा. अंगठा पुसला, करंगळी पुसली, करंगळीशेजारचं बोट पुसलं. मग तिचा हात थबकला. क्षणभरानं तिनं ते दोन खुंटही पुसले. एक झाल्यावर दुसरा, अगदी हलक्या हातानं.

"दुखतं का रे?"

"कधी कधी."

आईनं तो हात तोंडाजवळ नेला आणि त्यावर फुंकर घातली.