रिकाम्या जागी बहात्तर

"बाबांचे ठोके कालपासून बहात्तरच आहेत," ताई म्हणाली आणि तिने आपला फोन भावाच्या लॅपटॉपवर आडवा ठेवला.

"मग चांगलंच आहे की. ठणठणीत आहेत."

"जिना चढताना बहात्तर, झोपेत बहात्तर. काल मॅच बघतानाही बहात्तर. अरे, आपले बाबा आणि मॅच बघताना बहात्तर?"

भाऊ हसता हसता थांबला. ॲप त्यानेच लिहिलं होतं. एकटे राहणाऱ्या बाबांनी मनगटाला पट्टा बांधायचा आणि त्यांच्या नाडीचे ठोके या दोघांनी आपापल्या फोनवर बघायचे. सगळ्या नातेवाइकांनी इतकं कौतुक केलं होतं, की स्वारी आठवडाभर हवेत होती. ताई तर रोज आकडा बघायची आणि निर्धास्तपणे कामाला लागायची. त्याने बोटाने मागचे दिवस सरकवले. ठोक्यांची रेघ सरळ होती. आणखी मागे गेला, तरी सरळच.

"पट्टा हिशेबाला चालेल असा आकडा पाठवत नाही, नुसती अक्षरं पाठवतो," तो हळूच म्हणाला. "त्यांचा आकडा आपण करून घ्यायचा. कधी कधी काहीच येत नाही. काहीच नसलेल्याचा आकडा कसा करणार? ॲप बंद पडायचं. ते बंद पडलं, की तू रडत मला फोन करायचीस."

"मग?"

"मग काही आलं नाही तर बहात्तर धरायचे, असं लिहून टाकलं. तात्पुरतं."

तात्पुरतं लिहिलेलं पुन्हा उघडून बघायला कोणाला सवड असते?

"म्हणजे बाबांना काही झालं असतं, तरी बहात्तर?"

त्याने थेट बाबांना फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला.

"बोल रे," पलीकडून बाबांचा आवाज आला. "आंघोळीला गेलो होतो."

ताईने फोन हिसकावूनच घेतला. "बाबा, पट्टा कुठे आहे?"

"ड्रॉवरमध्ये. महिना झाला असेल."

"महिना? टोचत होता, तर सांगायचं ना. इथे आमचा जीव टांगणीला लागला."

"टोचत नाही गं. चांगला आहे पट्टा. पण तो बांधला आणि तुम्हा दोघांचे फोन यायचे बंद झाले. म्हटलं, काढून ठेवावा. ठोके दिसेनासे झाले, की घाबरून तरी फोन कराल."

ताईने फोन स्पीकरवर टाकून दोघांच्या मध्ये ठेवला.

"पहिले दोन-तीन दिवस फोन हातात घेऊनच बसलो होतो," बाबा म्हणाले. "मग म्हटलं, कामात असतील."