मागच्या सीटवरचा

“तुला हँडल ओढायला कुणी सांगितलं होतं?” कॅप्टन छताकडे बघत ओरडला. मणका दबलेला, मान पट्ट्यात अडकलेली. समोरच्याच्या डोळ्यांत बघून झापायचीही सोय नव्हती.

मागच्या सीटवरचा पोरगा पलंगाच्या पायथ्याशी उभा होता, कपाळाला टाके घातलेले. विमान दोन सीटचं. दोघांपैकी कुणीही आपल्या सीटचं हँडल ओढलं, की ते उपटून हातात येतं आणि दोन्ही सीट माणसांसकट आभाळात फेकल्या जातात. कॅप्टनला आठवत होता तो इंजिनाचा लाल दिवा आणि मग एकदम तोंडात माती. मधलं सगळं पुसलेलं. पण मधे काय झालं असणार, हे सांगायला त्याला कुणी नको होतं. विमान टाकून पळतो तो पायलट नव्हेच, असं तो आयुष्यभर मेसमध्ये छाती ठोकून सांगत आला होता.

“मी उतरवलं असतं ते! तुझी पाचावर धारण बसली आणि माझं विमान गेलं. आता मूग गिळून उभा आहेस! बोल ना!”

“हो सर. मीच ओढलं.”

कॅप्टनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“अहो, हळू,” उशाशी बसलेली बायको म्हणाली. “तोही मरता मरता वाचलाय.”

“वाचलाय कसला, पळालाय!” चौकशीला आलेल्यांना त्याने सकाळीच सांगून टाकलं होतं, या भित्र्याला पुन्हा विमानात बसवू नका. तेही आता त्याने पोराला तोंडावर ऐकवलं. पोराचा चेहरा उतरला. उडण्यापलीकडे त्याला आयुष्यात दुसरं काही नकोच होतं. तरी तो सलाम ठोकून निघून गेला.

कॅप्टन धुसफुसत राहिला. उजव्या हाताची बोटं अजून सरळ होत नव्हती, तोच हात त्याने गादीवर आपटला. तेवढ्यात नर्स त्याच्या वस्तू घेऊन आली. घड्याळ, पाकीट आणि काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचं एक हँडल, तुटक्या तारेसकट. तिने ते त्याच्या डोळ्यांसमोर धरलं.

“हे... हे कुठे मिळालं?”

“तुमच्याच हातात होतं, साहेब. मुठीतून सोडवायला आम्ही दोघी लागलो. आत्ता गेले ना, ते साहेब तुम्हाला आणलं त्याच दिवशी म्हणाले होते, ‘फेकून द्या, त्यांना दाखवू नका.’ पण एवढं घट्ट धरलेलं टाकायचं कसं?”