वाकलेली पट्टी

अर्धांगाचा झटका आल्यापासून यांचा उजवा हात लुळा पडला होता. डॉक्टरांनी बोटांचा व्यायाम सांगून रबरी चेंडू दिला. "मी काय रांगतं पोर हाय व्हय?" म्हणत यांनी तो गोठ्यात भिरकावला.

हे पूर्वी भिगवणच्या स्टँडजवळ व्हिडिओ गेमचं दुकान चालवायचे. म्हणून नात उत्कर्षानं जुन्या टीव्हीला व्हिडिओ गेम जोडून भोवती प्लायवूडची पेटी ठोकली. नाण्याची खाच मुद्दाम उजव्या अंगाला ठेवली. आत तेलाच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी. रुपया तिच्यावर पडला, की बटण दाबलं जाऊन गेम सुरू व्हायचा.

पहिल्याच दिवशी पट्टी वाकली. पेटी रुपया गिळायची, गेम काही लागेना.

"ह्याला काम म्हणत्यात? डिसमिस आण इकडं!" यांनी थरथरत्या उजव्या हातानं स्क्रू काढायला घेतले. दोन तास गेले, पण पट्टी सरळ झाली.

दुसऱ्या दिवशी हे आंघोळीला गेल्यावर मी खाचेतून सुरी घालून पट्टी पुन्हा वाकवली. मग रोजच. उत्कर्षा बिचारी आपलंच काम कच्चं समजून नवा पत्रा आणायला निघाली, तेव्हा तिला डोळ्यानंच थांबवलं.

काल यांनी पाच मिनिटांत पट्टी सरळ केली, डिसमिस माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाले,

"अगं, उद्या दोन जागी वाकव. एका जागी लई सोपं जातंय आता."